सोडलेल्या घराचा हिशेब

(मंडळाच्या सुवर्णमहोत्सवी वर्षात तंजावर येथे दिलेले व्याख्यान)



सुवर्णमहोत्सवाच्या व्यासपीठावरून सरस्वती महालाविषयी, मराठी कीर्तनपरंपरेविषयी किंवा सरफोजीराजांच्या विद्याव्यासंगाविषयी बोलावे अशी श्रोत्यांची अपेक्षा असते, आणि ती रास्तच आहे. परंतु त्या विषयांचे अधिकारी वक्ते आपणांस लाभले आहेत. चिटणीसांनी आमच्याकडे सोपविलेला विषय अगदी घरगुती, किंबहुना बिऱ्हाडाचा आहे. सोडलेल्या घराच्या मालकाशी भाड्याविषयी व अनामत रकमेविषयी राहून गेलेला वाद कसा मिटवावा, हा तो विषय होय.

विषय लहान वाटला तरी त्याचे मोल लहान नाही. या सभागृहात दोन प्रकारची मंडळी बसली आहेत. राजवीथ्यांच्या आसपास ज्यांची पिढीजात घरे आहेत, ती तंजावरी मराठी कुटुंबे एका बाजूस; आणि विंचवाप्रमाणे बिऱ्हाड पाठीवर घेऊन बदलीच्या हुकुमाबरोबर येथे आलेले आमच्यासारखे नोकरदार दुसऱ्या बाजूस. पहिल्यांतले कित्येक घरमालक आहेत, दुसरे बहुतेक सारे भाडेकरू. म्हणजे अनामतीचा वाद हा आपल्या आणि कोणा परक्याच्या मधलाच असतो असे नाही. तो या सभागृहातील दोन खुर्च्यांमध्येही असू शकतो. आमच्या माहितीतील एक निवृत्त गृहस्थ आणि त्यांचे माजी घरमालक, दोघेही सज्जन, दोघेही मराठी, एका अनामतीवरून गणेशोत्सवाच्या आरतीला एकत्र उभे राहीनासे झाले. रक्कम कालांतराने विसरली जाते. तुटलेला शब्द विसरला जात नाही. म्हणून या विषयाला मंडळाच्या व्यासपीठावर जागा आहे.

भाषेची एक गंमत येथे सांगण्याजोगी आहे. तमिळमध्ये घरमालकाला ‘वीट्टुक्कारर’ म्हणतात आणि बायको आपल्या नवऱ्यालाही त्याच शब्दाने उल्लेखिते. आपल्या मराठीतही ‘आमचे मालक’ म्हटले की खेड्यापाड्यांत नवराच समजला जातो. दोन्ही भाषांनी घर देणाऱ्याला आणि घर सांभाळणाऱ्याला एकच नाव द्यावे, यात जुन्या काळचे मोठे शहाणपण असेल. पण त्या नात्याच्या शेवटी हिशेब कसा करावा, याविषयी मात्र दोन्ही भाषा मौन पाळतात.

आता मूळ मुद्द्याकडे येऊ. चालू घरमालकाशी होणारा तंटा आणि माजी घरमालकाशी होणारा तंटा यांत एक मूलभूत फरक आहे. भाडेकरू घरात असतो तोवर दोघांनाही एकमेकांची गरज असते. मालकाला पुढच्या महिन्याचे भाडे हवे असते, भाडेकरूला पाणी, वीज आणि शांतता हवी असते. त्या गरजेच्या धाकाने दोघेही दोन पावले मागे सरतात. किल्ली हातातून गेली की ही गरज संपते. भाडेकरूचा पैसा मालकाकडे असतो, पण मालकाचे काहीच भाडेकरूकडे उरलेले नसते. घर फिरले की घराचे वासेही फिरतात, ही म्हण भाडेकरूच्या बाबतीत अगदी शब्दशः खरी होते. म्हणून आमचे प्रतिपादन थोडक्यात असे की, माजी घरमालकाशी होणारा वाद तो माजी होण्यापूर्वीच मिटवावा. किल्लीच्या आधी हिशेब, हे सूत्र एकदा पाळले की पुढचे नव्वद टप्पे वाचतात.

अनामत रक्कम म्हणजे काय, हेही स्पष्ट करून घेतले पाहिजे. तिला येथे सर्रास ‘अॅडव्हान्स’ म्हणतात आणि त्या शब्दानेच निम्मा घोटाळा होतो. अॅडव्हान्स म्हणजे आगाऊ भाडे. भाड्यापोटी दिलेले ते मालकाचे झाले, अशी समजूत त्यातून होते. वास्तविक ही रक्कम भाडेकरूचीच असते. मालक तिचा केवळ राखणदार. थकलेले भाडे किंवा खरोखरचे नुकसान यांपुरताच त्याचा तीवर हक्क. याच मुलखात ‘बोगियम’ नावाचा निराळा व्यवहारही चालतो. आपल्या ‘भोग्य’ शब्दाचेच ते रूप. त्यात मोठी रक्कम एकदम द्यावयाची, भाडे काहीच द्यावयाचे नाही, आणि मुदत संपताच ती रक्कम बिनव्याजी परत घ्यावयाची. तेथे रक्कम भाडेकरूची आहे याविषयी कोणाच्या मनात संदेह नसतो. तेच तत्त्व लहान अनामतीलाही लागू आहे.

कायद्याचा इतिहास या बाबतीत मोठा उद्बोधक आहे. तमिळनाडूत १९६० सालचा घरभाडे नियंत्रण कायदा जवळजवळ सहा दशके चालला. त्याच्या सातव्या कलमाप्रमाणे मालकाला एका महिन्याच्या भाड्याहून अधिक आगाऊ रक्कम घेता येत नसे. आणि त्याच काळात मद्रासेत दहा महिन्यांच्या भाड्याइतका अॅडव्हान्स घेण्याची रूढी उघडपणे नांदत होती! कायदा एका महिन्याचा आणि व्यवहार दहा महिन्यांचा. १९९६ साली सर्वोच्च न्यायालयाने या कायद्याखालील एका प्रकरणात असा निर्णय दिला, की मालकाने कायद्याच्या मर्यादेबाहेर घेतलेली रक्कम त्याच्या हाती असताना भाडे थकल्याबद्दल भाडेकरूला जाणूनबुजून बाकीदार ठरविता येणार नाही. ती रक्कम थकबाकीत वळती केली पाहिजे. पण न्यायालयापर्यंत जाणारे किती? बाकीच्यांनी रूढीलाच कायदा मानले.

पुढे २०१७ चा नवा कायदा झाला आणि २२ फेब्रुवारी २०१९ पासून तो अमलात येऊन १९६० चा कायदा गेला. घरमालक आणि भाडेकरू या दोघांचे हक्क व दोघांच्या जबाबदाऱ्या यांचे नियमन, असे त्याच्या नावातच आहे. आपल्या कामाच्या तीन गोष्टी त्यात आहेत. पहिली, भाडेकरार लेखी असावा आणि भाडे प्राधिकाऱ्याकडे त्याची नोंद व्हावी; हा प्राधिकारी उपजिल्हाधिकाऱ्याहून कमी दर्जाचा नसतो. दुसरी, करारात निराळे ठरले नसेल तर अनामत तीन महिन्यांच्या भाड्याहून अधिक घेता येत नाही. ‘करारात निराळे ठरले नसेल तर’ हे शब्द ध्यानात ठेवावेत. सही करण्यापूर्वी करार वाचावयाचा तो याचसाठी. तिसरी, घर रिकामे केल्यापासून एका महिन्याच्या आत, भाडेकरूकडून जे रीतसर येणे असेल ते वजा करून, अनामत परत केली पाहिजे. केंद्र सरकारने २०२१ साली मंजूर केलेल्या नमुना कायद्यात तर राहत्या घरासाठी दोन महिन्यांचीच मर्यादा सुचविली आहे; परंतु राज्याने स्वीकारल्याखेरीज तो लागू होत नाही.

इंग्लंडने याही पुढे पाऊल टाकले आहे. २००४ च्या गृहनिर्माण कायद्यान्वये एप्रिल २००७ पासून तेथील बहुतेक खाजगी भाडेकरूंची अनामत मालकाच्या मर्जीवर राहत नाही. ती मान्यताप्राप्त योजनेत संरक्षित करावी लागते, आणि वाद झाल्यास त्या योजनेतर्फे विनामूल्य निवाडा मिळू शकतो. आपल्याकडे अशी योजना नाही. म्हणून तो त्रयस्थ आपणच आपल्यात निर्माण केला पाहिजे. त्याविषयी शेवटी बोलू.

कायदा नवा असला तरी तंटा फार जुना आहे. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात घराविषयीच्या प्रकरणात भाडेकरूंचे नियम आहेत. मनाई केल्यावरही घरात राहणारा भाडेकरू आणि भाडे देणाऱ्याला विनाकारण बाहेर काढणारा मालक, या दोघांनाही तेथे सारखाच, बारा पणांचा दंड सांगितला आहे. आणि स्वतःहून घर सोडून जाणाऱ्याने वर्षाचे उरलेले भाडे द्यावे असेही म्हटले आहे. दंड दोघांना सारखा, हे आम्हांस त्यातील मर्म वाटते. ज्या पोथीवरून शामशास्त्रींनी हा ग्रंथ १९०९ साली छापून प्रसिद्ध केला, ती पोथी म्हैसूरच्या ग्रंथालयाला दिली होती ती तंजावर जिल्ह्यातील एका पंडिताने, हेही आपण तंजावरकरांनी अभिमानाने आठवावे.

आता प्रत्यक्ष वाद कोठे उत्पन्न होतात ते पाहू. आमच्या अनुभवाप्रमाणे तंजावरात त्यांची पाच उगमस्थाने आहेत.

पहिले स्थान पंचांगाचे. आमच्या बदल्यांचे हुकूम बहुधा उन्हाळ्यात निघतात, आणि सामानसुमान हलेपर्यंत जुलै उजाडतो. जुलैच्या मध्यास तमिळ ‘आडि’ महिना लागतो, आणि आडि महिन्यात कोणतेही तमिळ कुटुंब सहसा नव्या घरात पाऊल ठेवीत नाही. म्हणजे जुलैत रिकामे झालेले घर ऑगस्टच्या मध्यापर्यंत रिते राहणार, हे मालकाला पक्के ठाऊक असते. तो एका महिन्याचे भाडे कापू पाहतो तेव्हा तो लबाडच असतो असे नाही. त्याचे नुकसान खरे असते. मार्गळि महिन्याचीही हीच कथा. यावर उपाय एकच. बदलीची कुणकुण लागताच सूचना लेखी द्यावी, आणि सूचनेची मुदत किती ते करारात आधीच लिहिलेले असावे. मुदतीप्रमाणे सूचना दिली असेल तर पुढचा रिता महिना मालकाचा. दिली नसेल तर भाडेकरूने तक्रार करू नये.

दुसरे स्थान रंगसफेदीचे. घर सोडताना एका महिन्याचे भाडे रंगासाठी कापून घ्यावयाचे, हा पुष्कळ ठिकाणचा शिरस्ता झाला आहे. २०१७ च्या कायद्याच्या परिशिष्टात दुरुस्त्यांची वाटणी दिली आहे. करारात निराळे नसेल तर भिंतींची सफेदी, दारेखिडक्यांचा रंग, नळाचे पाइप बदलणे, विजेच्या तारांचे काम ही कामे मालकाची. तोट्या व त्यांचे वायसर, बटणे, कुलपे, खिडक्यांच्या काचा ही भाडेकरूची. १८८२ च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्यातही, घर घेतले तशा स्थितीत परत द्यावे, मात्र वापराने होणारी स्वाभाविक झीज सोडून, असे तत्त्व आहे. चार वर्षांत भिंतीचा रंग उडणे ही झीज होय. भिंतीत वीस खिळे ठोकणे ही झीज नव्हे.

तिसरे स्थान विजेच्या बिलाचे. येथे मीटरचे वाचन दोन महिन्यांनी होते. मधल्याच तारखेस घर सोडले की बिल मागाहून येते आणि तेवढ्या निमित्ताने सारी अनामत अडकून पडते. किल्ली देण्याच्या दिवशी मीटरचा आकडा दोघांनी मिळून टिपून घेतला, त्याचे छायाचित्र ठेवले, तर हा वाद उद्भवतच नाही.

चौथे स्थान भाडेकरूंच्याच एका सवयीचे आहे. शेवटचे दोन-तीन महिने भाडे द्यावयाचे नाही आणि ‘अॅडव्हान्समधून वळते करून घ्या’ म्हणावयाचे. अनामत परत मिळणार नाही या भीतीने लोक असे करतात; पण त्यामुळे मालकाच्या हाती नुकसानभरपाईसाठी काहीच उरत नाही, आणि पुढच्या भाडेकरूकडून तो अधिक अनामत मागतो. एकाच्या चातुर्याचा भुर्दंड पुढच्याला पडतो.

पाचवे स्थान मालकीचे. येथील जुनी घरे बहुधा सामाईक असतात. एक भाऊ गावी, दुसरा चेन्नईत, तिसरा अमेरिकेत. रक्कम एकाच्या हाती दिलेली, घरपट्टी दुसऱ्याच्या नावे. वडील वारले की मुले म्हणतात, ‘तुम्ही अनामत दिल्याचे आम्हांस ठाऊक नाही.’ म्हणून घर घेतानाच पट्ट्यावर व घरपट्टीच्या पावतीवर नाव कोणाचे आहे ते पाहावे, आणि अनामत शक्य तो बँकेतूनच द्यावी. बँकेची नोंद कोणाच्या स्मरणशक्तीवर अवलंबून नसते. रोखीने दिलीच तर पावती घ्यावी. पाच हजारांवरच्या रोख पावतीला एक रुपयाचे रसीद तिकीट लागते, तेही लावून घ्यावे.

पावती मागण्याचा संकोच आपल्या लोकांत फार. ‘आपल्याच माणसाकडे कागद कसा मागावा?’ असे म्हणतात. ज्या गावात भोसल्यांनी आपला वंशेतिहास १८०३ साली बृहदीश्वराच्या मंदिरात दगडावर कोरून ठेविला, आणि राजवाड्यातील कारभाराचे मोडी कागद ज्या गावात आजवर जपले गेले, त्या गावात राहून मराठी माणसाने चार ओळींच्या पावतीला लाजावे, हे आम्हांस उमजत नाही.

समजा, एवढी काळजी घेऊनही वाद राहिला. तर काय करावे? उदाहरणादाखल एक हिशेब मांडू. भाडे महिना १२,००० रुपये, अनामत ६०,०००. घर सोडल्यावर मालक म्हणतो, काहीच निघत नाही. भाडेकरू म्हणतो, सगळे परत द्या. दोघांचाही आवाज चढतो. पण दोघांना कागदासमोर बसविले की दिसते ते असे. एका महिन्याचे थकलेले भाडे १२,०००, विजेचे १,८४०, फुटलेल्या काचा व नळ यांचे २,१६०. हे १६,००० भाडेकरू स्वतःच मान्य करतो. उरले ४४,०००. त्यांतून मालकाला रंगासाठी १५,००० हवे आहेत. म्हणजे २९,००० परत देणे आहेत, हे त्याच्याच हिशेबाने सिद्ध झाले. भांडण ६०,००० चे नव्हतेच. ते १५,००० चे होते. वादातीत रक्कम आधी द्यावी-घ्यावी आणि वादग्रस्त रकमेपुरतेच बोलावे, हा तंटा मिटविण्याचा पहिला नियम. मात्र ते २९,००० घेताना ‘संपूर्ण व अंतिम’ अशा शब्दांखाली सही करू नये. ‘हिशेबापोटी’ असे लिहावे.

एवढ्यानेही भागले नाही तर पायरीपायरीने जावे. प्रथम दोघांना मान्य असा मध्यस्थ. नंतर तमिळमध्ये, सौम्य भाषेत, आकड्यांसह लिहिलेले पत्र, पोचपावतीसह टपालाने. इंग्रजीतले कडक पत्र वाचून वृद्ध मालक घाबरतो आणि थेट वकिलाकडे जातो. आपल्या भाषेतले पत्र वाचून तो निदान मुलाला विचारतो. त्यानंतर जिल्हा विधी सेवा प्राधिकरण. १९८७ च्या कायद्यान्वये दावा दाखल करण्यापूर्वीही प्रकरण लोकअदालतीपुढे नेता येते, त्याला कोर्ट फी पडत नाही, आणि तेथे झालेली तडजोड दिवाणी न्यायालयाच्या हुकूमनाम्याइतकीच बंधनकारक असते. तिच्यावर अपील नाही. भाडे प्राधिकारी व भाडे न्यायालय यांचा मार्ग आहेच; पण करार नोंदलेला नसेल तर तो पुरावा म्हणून पुढे करताना अडचण येते, याची जाणीव ठेवून वकिलाचा सल्ला घ्यावा. आणि पैशाच्या वसुलीच्या दाव्याला सर्वसाधारणपणे तीन वर्षांची मुदत असते. ‘आज देतो, उद्या देतो’ यात ती निघून जाते. गोड बोलण्याने मुदत थांबत नाही.

शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये असे म्हणतात. त्याला या गावाच्या इतिहासातच एक दाखला आहे. १८५५ साली शिवाजीराजे पुत्राविना निवर्तले आणि कंपनी सरकारने राज्याबरोबर त्यांची खाजगी मालमत्ताही ताब्यात घेतली. राणी कामाक्षीबाईसाहेबांनी मद्रासच्या सुप्रीम कोर्टात दावा लावला. प्रकरण लंडनला प्रिव्ही कौन्सिलपुढे गेले आणि १८५९ साली निर्णय लागला की, हे राजसत्तेचे कृत्य असल्याने न्यायालयाला त्यात हात घालता येत नाही. दावा बुडाला. पण पुढे १८६२ साली सरकारने आपण होऊन ती खाजगी मालमत्ता राण्यांकडे परत सोपविली. न्यायालयाच्या दारातून जे मिळाले नाही, ते दुसऱ्या दाराने आले. म्हणून एक दार बंद झाले की हक्कच संपला असे समजू नये, आणि दुसरे दार उघडे असताना पहिल्यावरच डोके आपटीत बसू नये.

आता मंडळाला एक विनंती. पन्नास वर्षांत मंडळाने नाटके बसविली, उत्सव केले, मुलांना मराठी शिकविले. एक्कावन्नाव्या वर्षी एक लहान काम अंगावर घ्यावे. तमिळ व मराठी अशा दोन्ही भाषांत घराची एक यादी छापावी. तीत खोल्या, दारे, काचा, नळ, पंखे, मीटरचा आकडा आणि अनामत रक्कम यांचे रकाने असावेत. घर घेताना आणि सोडताना दोघांनी ती भरून सह्या कराव्यात. आणि मंडळाने दोन माणसे नेमावीत. एक घरमालकांपैकी, एक भाडेकरूंपैकी, दोघेही तमिळ चांगले लिहिणारे. त्यांनी न्याय देऊ नये, कोणाला दोषी ठरवू नये. फक्त दोघांना एका टेबलाशी बसवावे आणि पाटावर ताट मांडावे तसा हिशेब मांडावा. येथील घरमालक कुटुंबांनी या कामी पुढाकार घेतला तर ते अधिक शोभेल. कारण परगावी जाणाऱ्या माणसाला तीन वर्षे थांबून भांडण्याची सोय नसते. तो निघून जातो आणि जाताना तंजावरविषयी एक कडवट वाक्य बरोबर नेतो.

आणि भाडेकरू बांधवांना एवढेच सांगणे, की ज्या घरात आपली मुले लहानाची मोठी झाली, जेथे पोंगलला आपल्या दारी शेजारणीने ऊस आणून ठेवला, ते घर सोडताना ते झाडून, दिवे चालू करून दाखवून, यादीवर सह्या घेऊन मग किल्ली द्यावी. हिशेब चोख असला म्हणजे निरोप घेताना डोळ्यांकडे पाहता येते. आणि पुढे कधी तंजावरला येणे झाले तर त्याच ओट्यावर बसून कॉफी घेता येते.